करवीर क्षेत्र : कोल्हापूर व परिसरातील धार्मिक स्थळे

करवीर क्षेत्र : दक्षिण महाराष्ट्रातील कोल्हापूर शहर व त्याच्या आसपासच्या तीर्थस्थळांचा समूह. पंचगंगेच्या काठी वसलेले हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे, तर वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. शहराच्या मध्यभागी अंबाबाईचे देऊळ, वायव्येला डोंगरावर जोतिबा, पूर्वेला बाहुबलीचा डोंगर, त्यापलीकडे कृष्णाकाठी नरसोबाची वाडी व खिद्रापूर आणि दक्षिणेला भुदरगड तालुक्यात आदमापूर व पाटगाव, असा या क्षेत्राचा ढोबळ नकाशा आहे. शाक्त, शैव, दत्त, जैन व वारकरी परंपरा आणि सुफी दर्गे येथे शेकडो वर्षे शेजारी नांदत आले आहेत. यात्रा, पालख्या व मानपान यांनी ही स्थळे एकमेकांशी बांधलेली असल्यामुळे एकट्या अंबाबाईच्या दर्शनाने करवीराची ओळख पुरी होत नाही.

नद्या व स्थान : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते. शहराजवळचे प्रयाग चिखली हे या संगमाचे गाव. तेथून कोल्हापूरला वळसा घालून पंचगंगा पूर्वेकडे वाहते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. जिल्ह्यातील अनेक महत्त्वाची तीर्थे या दोन नद्यांच्या काठांवर आहेत. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडली की घाटावरची लहान देवळे पाण्याखाली जातात. पाणी ओसरल्यावर गाळ काढून पूजा पुन्हा सुरू होते. कार्तिकातील त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे याच घाटावर हजारो पणत्या लावल्या जातात आणि सगळे शहर तो दीपोत्सव पाहायला नदीवर लोटते.

इतिहास : शहराची सर्वांत जुनी वस्ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर होती. १९४५-४६ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन अवशेष मिळाले. याच टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची लहान कांस्यमूर्ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याने प्रजेवरचे संकट टळावे म्हणून आपले बोट कापून महालक्ष्मीला अर्पण केले, असा उल्लेख इ. स. ८७१ च्या संजान ताम्रपटात आहे. अभ्यासक हा उल्लेख कोल्हापूरच्या देवीशी जोडतात. जैन धर्माकडे ओढा असलेल्या राजाने देवीला असे अर्पण करावे, यात या भूमीच्या पुढील धर्मजीवनाची खूण दिसते.

अकराव्या-बाराव्या शतकांत येथे शिलाहारांचे राज्य होते. ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’, म्हणजे महालक्ष्मीच्या वराचा प्रसाद लाभलेले, असे बिरुद ते अभिमानाने मिरवीत. गंडरादित्य आणि दुसरा भोज हे त्यांतील प्रमुख राजे. तेराव्या शतकाच्या आरंभी यादव सिंघणाने भोजाचा पराभव करून हा प्रदेश जिंकला. पुढे आक्रमणांच्या काळात देवीची मूर्ती पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवण्यात आली होती. करवीरचे छत्रपती संभाजी यांच्या कारकिर्दीत १७१५ च्या विजयादशमीला तिची पुन्हा स्थापना झाली.

अंबाबाई (महालक्ष्मी) मंदिर : स्थानिक काळ्या दगडात बांधलेले हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. बांधकामाच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. चालुक्यकालीन गाभ्यावर शिलाहार व यादव काळात भर पडत गेली, असे सामान्यतः मानले जाते. महाकाली, अंबाबाई आणि महासरस्वती यांची तीन गर्भगृहे एका मंडपाला जोडलेली आहेत. बाह्य भिंतींचा आराखडा ताऱ्यासारखा कोनाकोनांचा असून त्यावर योगिनी, सुरसुंदरी आणि वादक यांची शिल्पे आहेत. अंबाबाईच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग हे शिवलिंग आहे. प्राकारातील शेषशायी विष्णूच्या मंडपाच्या छतावर जैन तीर्थंकरांच्या प्रतिमा कोरलेल्या असून त्या मान वर करून मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत.

देवीची मूर्ती पाषाणाची, सुमारे तीन फूट उंचीची आणि चतुर्भुज आहे. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र आहे. मस्तकावर नागफणा व लिंग असून मागे सिंह आहे. कोल्हासुराचा वध करून देवी येथे राहिली आणि मरताना त्याने मागितलेल्या वरामुळे नगराला त्याचे नाव पडले, अशी करवीर माहात्म्यातील कथा आहे. रोजची पूजा वंशपरंपरेने आलेले श्रीपूजक करतात. पहाटे काकड आरतीने देवीचा दिवस सुरू होतो आणि रात्री शेजारतीने संपतो. शुक्रवारी रात्री देवीची पालखी प्राकारात फिरते. पालखीच्या वेळी गर्दी असली तरी दर्शनाची घाई नसते. देऊळ निवांत अनुभवायचे असेल तर ही वेळ साधावी.

किरणोत्सव : दरवर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या काळात मावळत्या सूर्याची किरणे थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात. सूर्य क्षितिजाकडे कलला की महाद्वारातून आत आलेला उजेडाचा पट्टा गरुड मंडप, गणपती चौक व कासव चौक ओलांडून पितळी उंबऱ्यावर येतो आणि मग चांदीच्या उंबऱ्यावरून गाभाऱ्यात शिरतो. देवीसमोरच्या कटांजनापर्यंत किरणे आली की भाविकांचे श्वास रोखले जातात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी किरणे चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. हा सगळा प्रवास काही मिनिटांचा असतो. त्यानंतर आरती होते. क्षितिजावरचे ढग, हवेतील धूळ व बाष्प किंवा किरणमार्गात आलेली बांधकामे यांमुळे कधी किरणे पायांशीच, तर कधी कमरेपाशी लुप्त होतात. शतकांपूर्वीच्या स्थपतींनी सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाचा इतका नेमका हिशेब मांडला होता. म्हणूनच किरणमार्ग मोकळा ठेवणे हे शहरावरचे आजचे कर्तव्य आहे.

नवरात्र व रथोत्सव : आश्विन नवरात्रात देवीची रोज वेगळ्या रूपात सालंकृत पूजा बांधली जाते. तिरुमला तिरुपती देवस्थानाकडून देवीला शालू येतो. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेकडील टेंबलाई टेकडीवर आपल्या सखीच्या, त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. कोल्हासुराच्या वधानंतरच्या सोहळ्यात अंबाबाईने त्र्यंबोलीला बोलावले नाही, म्हणून ती रुसून टेकडीवर जाऊन बसली आणि तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली, असे भाविक सांगतात. भेटीनंतर दैत्याचे प्रतीक म्हणून कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळवण्यासाठी झुंबड उडते. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. विजयादशमीला दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत सीमोल्लंघन होते आणि लोक सोने लुटतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव होतो.

टेंबलाईची आषाढातील जत्रा हा शहराच्या पेठांचा आणि तालमींचा स्वतःचा सण आहे. पंचगंगेला आलेले नवे पाणी कलशांत भरून वाजतगाजत टेकडीवर नेतात आणि देवीच्या पायरीवर ओततात. त्या वेळच्या वाजपाला कोल्हापूरकर ‘पी ढबाक’ म्हणतात. परगावच्या प्रवाशांना या जत्रेची माहिती क्वचितच असते. पाऊस, नदी आणि देवी यांचे नाते मात्र येथे जितके उघड दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही.

शहरातील इतर स्थळे : कपिलतीर्थावरील कपिलेश्वर हा करवीरचा ग्रामदेव मानला जातो. आज त्याच्याभोवती भाजी मंडई आहे. बिनखांबी गणेश मंदिर, रंकाळ्याकाठचा नंदी व संध्यामठ, उत्तरेश्वर आणि शहरभर विखुरलेली नवदुर्गांची देवळे पायी फिरूनच पाहावीत. भवानी मंडपात जुन्या राजवाड्यातील तुळजाभवानीचे देवघर आहे. अंबाबाईच्या देवळापासून जवळच बाबूजमाल दर्गा आहे. त्याच्या प्रवेशद्वारावर गणपतीची प्रतिमा असून येणारा प्रत्येक जण तिच्याखालून दर्ग्यात जातो. कोल्हापुरात मोहरमचे पंजे अनेक तालमींत बसतात आणि त्यांची सेवा हिंदू-मुसलमान दोघेही करतात. गणेशोत्सव आणि मोहरम एका वेळी आले की एकाच तालमीत गणपती व पंजा शेजारी बसवण्याची रीत आहे.

कोल्हापूर हे जैनांचेही जुने पीठ आहे. गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने बांधलेल्या जैन बसदीला अय्यावोळे म्हणजे आजच्या ऐहोळेच्या व्यापारी संघाने दाने दिल्याची नोंद ११३५ च्या शिलालेखात आहे. शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन जैन मठ हे भट्टारकांचे पीठ असून तेथे आदिनाथांची भव्य उभी मूर्ती आहे. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी येथे ख्रिस्ती मिशनचे काम सुरू केले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आहे.

जोतिबा (वाडी रत्नागिरी) : शहरापासून सुमारे १८ किमी. वर पन्हाळा तालुक्यातील डोंगरावरचे देवस्थान. जोतिबा हा केदारनाथाचा अवतार मानला जातो. दैत्यांविरुद्धच्या युद्धात अंबाबाईला साहाय्य करून तो उत्तरेला परत निघाला असता तिच्या आग्रहावरून येथे थांबला, अशी कथा आहे. मूर्ती दक्षिणेकडे तोंड करून उभी असून हातांत खड्ग, डमरू, त्रिशूळ व अमृतपात्र आहे. सध्याचे मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये आणि शेजारचे केदारेश्वर मंदिर दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये बांधले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे हे कुलदैवत. पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य शेतकरी घराण्यांचेही हेच कुलदैवत आहे.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो भाविक येतात. गावोगावच्या सासनकाठ्या हे या यात्रेचे वैशिष्ट्य होय. उंच, सरळ बांबूला कापड गुंडाळून टोकाला निशाण व तुरा लावतात. एक जण काठी खांद्यावर किंवा कमरेच्या पट्ट्यावर तोलतो आणि चारी बाजूंनी ताणलेले दोर धरून इतर जण तिला सावरतात. हलगीच्या तालावर काठी नाचू लागली की दोर धरणाऱ्यांचेही कसब लागते. पहिला मान सातारा जिल्ह्यातील निनाम पाडळीच्या काठीचा. सायंकाळी जोतिबाची पालखी यमाईच्या भेटीला निघते. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा गजर, गुलाल, खोबरे आणि दवणा यांनी डोंगर भरून जातो. एरवी रविवार हा देवाचा वार असल्याने त्या दिवशी गर्दी असते. जोतिबाच्या वाटेवर पोहाळे येथे प्राचीन लेणी आहेत.

बाहुबली (कुंभोजगिरी) : हातकणंगले तालुक्यातील हा डोंगर जैनांचे मोठे तीर्थ आहे. भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची पांढऱ्या संगमरवराची उभी मूर्ती १९६३ मध्ये येथे प्रतिष्ठापित झाली. समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या गुरुकुलामुळे हे स्थळ शिक्षणाचेही केंद्र बनले. डोंगरावर जुनी जिनमंदिरे असून पायऱ्यांची वाट आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज मोठ्या प्रमाणात शेतकरी आहे. त्यामुळे येथील उत्सवांना खेड्यापाड्यांतून येणारी माणसे शेतातली कामे आटोपून आलेली असतात.

नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) : शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगा संगमावरील दत्तक्षेत्र. श्रीनृसिंह सरस्वती यांनी येथे औदुंबराखाली बारा वर्षे वास्तव्य केले आणि गाणगापूरला जाताना आपल्या पादुका येथे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. ‘मनोहर पादुका’ या नावाने त्या पूजिल्या जातात. देवळाला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने ते बांधवून दिले, अशी परंपरा सांगते. वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामी यांनी रचलेली करुणात्रिपदी येथे नित्य म्हटली जाते.

पावसाळ्यातील दक्षिणद्वार सोहळा हे वाडीचे खास वैशिष्ट्य. कृष्णेचे पाणी चढू लागले की ते मंदिराच्या उत्तर दारातून आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दारातून बाहेर पडते. या प्रवाहात स्नान करण्यासाठी दूरदूरचे भाविक पाण्याच्या पातळीवर नजर ठेवून असतात. पाणी आणखी वाढले की मंदिर पूर्ण बुडते आणि उत्सवमूर्ती उंचावरच्या देवळात हलवली जाते. पूर म्हणजे संकट हे वाडीला ठाऊक आहे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत गावाने ते सोसले आहे. तरीही देवाला नदीने घातलेले स्नान म्हणून पहिल्या पाण्याचे स्वागत येथे मनापासून होते. पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी हा वाडीचा ठरलेला प्रसाद.

खिद्रापूर : कृष्णाकाठी कर्नाटकच्या सीमेवरील या लहानशा गावात कोपेश्वराचे मंदिर आहे. शिलाहार काळात त्याची उभारणी झाली. यादव सिंघणाने १२१४ च्या सुमारास जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख मंदिरात आहे. सतीच्या देहत्यागाने कोपलेला शिव म्हणजे कोपेश्वर आणि त्याची समजूत घालणारा विष्णू म्हणजे धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघेही लिंगरूपाने आहेत. सती नंदीवर बसून माहेरी गेली म्हणून येथे शिवासमोर नंदी नाही. तो कर्नाटकातील यडूरला आहे, असे सांगतात.

मंदिरापुढचा स्वर्गमंडप हा महाराष्ट्राच्या शिल्पवैभवातील मानबिंदू आहे. ४८ खांबांच्या या मंडपाच्या छतात मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळ आकाशाला उघडे आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल अखंड शिळा आहे. शिळेभोवती बारा खांबांचे कडे असून छताच्या कडेला वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल आहेत. खांब तळाशी चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होत जातात. त्यांच्यावरची झिलई इतकी नितळ आहे की आज यंत्राने कापल्यासारखी वाटावी. बाहेर गजपीठावर हत्ती रांगेने मंदिर पाठीवर घेऊन उभे आहेत. त्यांतील बहुतेकांच्या सोंडा व दात फोडलेले आहेत. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र छताच्या वर्तुळावर येतो तेव्हा मध्यरात्री लोक येथे जमतात. १९५४ पासून हे मंदिर संरक्षित स्मारक आहे. गावातील जुने जैन मंदिरही आवर्जून पाहावे. त्यात त्याच काळातील कोरीव काम आहे.

लोकदैवते व संतस्थाने : भुदरगड तालुक्यातील आदमापूर हे संत बाळूमामांचे (१८९२–१९६६) समाधिस्थान. धनगर समाजात जन्मलेल्या मामांनी आयुष्यभर मेंढरे राखली. आजही त्यांच्या नावाचे मेंढरांचे कळप, ज्यांना बग्गे म्हणतात, महाराष्ट्र-कर्नाटकात फिरत असतात. कळप शेतात बसला तर शेतकरी ते भाग्य समजतो. अमावास्येला आदमापूरला मोठी गर्दी होते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत धनगर बांधवांच्या ढोलांच्या नादात आणि भंडाऱ्याच्या उधळणीत फरांडे बाबा येत्या वर्षाची भाकणूक सांगतात. पाऊसपाणी व पिके यांबद्दलचे हे बोल शेतकरी कान देऊन ऐकतात. कोल्हापूरजवळचे नंदवाळ हे प्रतिपंढरपूर मानले जाते. आषाढी एकादशीला शहरातून तेथे दिंड्या जातात आणि वाटेत पुईखडीला रिंगण होते. कणेरी येथे काडसिद्धेश्वरांचा मठ आहे.

शाहू छत्रपती व धर्मजीवन : येथील आधुनिक धर्मजीवन राजर्षी शाहू महाराजांशिवाय उलगडत नाही. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले आणि वेदोक्त प्रकरण उभे राहिले. धर्मातील जन्माधिष्ठित मक्तेदारीलाच महाराजांनी त्यातून आव्हान दिले. १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर सदाशिवराव बेनाडीकर यांची क्षात्र जगद्गुरू म्हणून त्यांनी नेमणूक केली. १९०६ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. जैन, लिंगायत आणि इतर समाजांच्या वसतिगृहांनाही त्यांचा आधार मिळाला. दसरा चौकात आजही अशी वसतिगृहे उभी आहेत. ती पाहिली की या शहरातील सलोख्यामागे किती प्रयत्न आहेत हे समजते.

व्यवस्थापन व जतन : अंबाबाई आणि जोतिबासह तीन हजारांवर मंदिरांचा कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती पाहते. अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेश मिळावा यासाठी २०११ मध्ये आंदोलन झाले आणि तो प्रवेश मिळाला. २०१८ मध्ये राज्य विधिमंडळाने या मंदिरासाठी स्वतंत्र कायदा केला. मूर्तीची झीज हा चिंतेचा विषय आहे. १९५५ मध्ये तिला वज्रलेप करण्यात आला होता आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याने तिच्यावर रासायनिक संवर्धन प्रक्रिया केली. मूर्ती टिकावी म्हणून तिला रोजचा अभिषेक होत नाही. मंदिराच्या आवारात बुजवलेले मणिकर्णिका कुंड अलीकडे उत्खनन करून मोकळे करण्यात आले आहे. पंचगंगेचे प्रदूषण मात्र अजून आटोक्यात आलेले नाही. ज्या नदीच्या पाण्याने टेंबलाईची पायरी धुतली जाते ती स्वच्छ राखणे हा या वारशाच्या जतनातील पहिला प्रश्न आहे.

प्रवाशांसाठी : कोल्हापूर रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग व उजळाईवाडी विमानतळ यांनी जोडलेले आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून जोतिबा व नरसोबाच्या वाडीला एस. टी. गाड्या मिळतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ हिंडण्यास चांगला. शहर व टेंबलाईला एक दिवस, जोतिबा-पोहाळे-पन्हाळ्याला दुसरा आणि बाहुबली-वाडी-खिद्रापूरला तिसरा दिवस ठेवावा. खिद्रापूर सकाळच्या तिरप्या उन्हात उत्तम दिसते. वाडीला जाताना पावसाळ्यात पाण्याची पातळी विचारून निघावे. अंबाबाईच्या गाभाऱ्याचे छायाचित्र घेऊ नये, खिद्रापूरच्या शिल्पांना हात लावू नये, जोतिबाच्या डोंगरावर आणि नदीत प्लॅस्टिक टाकू नये. दर्ग्यात व जिनमंदिरात तेथील रीत पाळावी. ही स्थळे आजही रोजच्या पूजेअर्चेची ठिकाणे आहेत. पाहुण्याने तेथे यजमानाचा मान राखून वावरावे.